री ओढणारी माणसं

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची चार मशिनं आहेत, त्यातलं एक कायम बंद. रविवारी सकाळी तिथे एक बाई हमखास भेटतात. पन्नाशी उलटलेल्या, पांढरे केस आखूड कापलेले. ड्रायर घरघरत असतो आणि या बाई हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघत ओठ हलवत असतात. पहिले दोन महिने मला वाटलं, जप करतात. मग एकदा एक चिठ्ठी माझ्या टोपलीत पडली. ती परत देताना मी विचारलं, कसलं आहे हे? म्हणाल्या, "चेक." मी म्हटलं, बँकेचा? बाई इतक्या हसल्या की त्यांच्या घड्या घातलेल्या उश्यांच्या खोळी खाली पडल्या. चेक भाषा होती ती. द्वोर्झाकचा 'रुसाल्का' नावाचा ऑपेरा बसत होता, आणि त्यात गर्दीत उभं राहून गायच्या ओळी त्या पाठ करत होत्या.

जर्सी सिटीत राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे 'मेट'मध्ये, वर्षातून दोनतीनदा मी सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून जाते. तिथून माणसं करंगळीएवढी दिसतात, पण आवाज मात्र वर चढून नीट येतो. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की पुढे उभे असतात ते गायक आणि मागे असतो तो कोरस. कोरस म्हणजे पडद्यासारखी, गालिच्यासारखी एक वस्तू. त्या वस्तूला रविवारी कपडे धुवावे लागतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मेटचा कायम नोकरीतला कोरस सुमारे ऐंशी जणांचा. गर्दी मोठी लागली की बाहेरून जास्तीचे लोक बोलावतात, या बाई त्यातल्या. दिग्दर्शक झेफिरेल्लीनं १९८१ मध्ये बसवलेला 'ला बोएम' हा ऑपेरा तिथे अजून चालतो. त्याच्या दुसऱ्या अंकात पॅरिसचा अख्खा चौक उभा राहतो, रंगमंचावर दोनशेहून जास्त माणसं, शिवाय घोडा आणि गाढव. मी तो बघायला गेले तेव्हा बाईंनी सांगून ठेवलं होतं, डावीकडे वरच्या पायऱ्यांवर हिरवी टोपी, ती मी. पूर्ण अंकभर मी हिरवी टोपी शोधत राहिले आणि ज्यांच्यासाठी लोक शंभरशंभर डॉलर मोजतात त्यांचं गाणं माझ्या कानावरून गेलं. हिरव्या टोप्या चार होत्या.

मग मी त्यांना कोरसचं शास्त्र विचारायला लागले, आणि त्यांनी ते कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. तीन हजार आठशे खुर्च्यांचं थिएटर, माइक नाही. आवाज मोठा तर हवा, पण तो 'कुणाचा' हे कळता कामा नये. लांबलचक स्वर असेल तर श्वास चोरून घ्यायचा, म्हणजे शेजारणीनं घेतला तेव्हा आपण घ्यायचा नाही. ती परतली की आपण हळूच बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा आणि कुणाला न कळता पुन्हा आत शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना श्वास लागतच नाही. शब्दाच्या शेवटी 'स' आला तर तो सगळ्यांनी उच्चारायचा नाही; ऐंशी जणांनी 'स' म्हटलं तर सापांचं बीळ फुटल्यासारखं होतं. दोनतीन जणांनी म्हणायचा, बाकीच्यांनी नुसतं तोंड करायचं. "आणि तुमच्याकडे तो 'स' असतो का?" मी विचारलं. बाई जरा ताठ झाल्या. म्हणाल्या, अकरा वर्षं माझ्याकडेच आहे.

त्या ताठ होण्यात मला माझी आत्या दिसली.

आत्या मिरजेला असते. तरुणपणी ती एका संगीत नाटक कंपनीत होती. 'शाकुंतला'तली प्रियंवदा, 'सौभद्रा'तली कुसुमावती, नांदीला दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी. शकुंतला आणि सुभद्रा दुसऱ्या कुणीतरी. घरात तिच्याबद्दल बोलताना एक ठरलेला सुस्कारा असायचा, "गळा होता हो, पण चान्स मिळाला नाही." मीही तो सुस्कारा शिकले. लहानपणी मला ती अशीच आठवते, वेटिंग लिस्टवर राहिलेली बाई, जिची गाडी निघून गेली.

पण गणपतीत आत्या नसली की आमच्या घरची आरती पडायची. हे मला फार उशिरा लक्षात आलं. आरतीत आत्याचा आवाज वेगळा असा कधी ऐकूच यायचा नाही. ती सुरुवात करायची नाही. बाबा कुठल्याही भलत्या पट्टीत सुरू करायचे, आणि दुसऱ्या शब्दाला ती कुठूनतरी खालून येऊन सगळ्यांना धरायची. ती असली की 'सुखकर्ता' ज्या पट्टीत सुरू झाली त्याच पट्टीत पाचव्या आरतीपर्यंत आम्ही पोचायचो. ती नसली की दर कडव्याला पट्टी उतरत जायची, आणि 'घालीन लोटांगण'पर्यंत सगळे घशात बोलत असायचे. आम्हाला वाटायचं, आज भूक लागली आहे सगळ्यांना.

आपल्या भाषेनं या लोकांचं काही बरं केलेलं नाही. शाहिराच्या मागे उभे राहून 'जी जी रं जी' धरणारे झीलकरी, तमाशातले सुरत्ये, कीर्तनातले टाळकरी. यांच्याशिवाय पुढच्याला श्वास घ्यायला जागा नाही. आणि वाक्प्रचार बघा: 'री ओढणे' म्हणजे स्वतःची अक्कल न चालवता दुसऱ्याचं म्हणणं उचलून धरणं. 'झील ओढणे' तेच. 'पालुपद' म्हणजे कंटाळवाणी तक्रार. शंभर लोकांच्या आवाजातून सूर न सांडता नेण्याचं जे काम, त्याला आपण लाळघोटेपणाचं नाव दिलं. ऑपेरातल्या छोट्या भूमिका गाणाऱ्याला इटालियनमध्ये 'कोम्प्रिमारिओ' म्हणतात, म्हणजे पहिल्याच्या सोबतचा. आपण 'दुय्यम' म्हणतो. ते लोक उभं राहायची जागा सांगतात, आपण नंबर सांगतो.

या सोबतच्यांमध्ये एक माणूस मला फार आवडतो. तो न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १९२९ चा, आणि नाव काय, तर कालोजेरो आंतोनियो कारुसो. टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकानं, मेटच्याच गाजलेल्या टेनरचं कारुसो हे नाव घेऊन तिथे उभं राहणं म्हणजे नवशिक्यानं बालगंधर्व नाव लावून नाटक कंपनीत अर्ज करण्यासारखं आहे. त्या वेळचे मेटचे प्रमुख रुडॉल्फ बिंग यांनी त्याला नाव बदलायला लावलं, आणि तो चार्ल्स अँथनी झाला. ६ मार्च १९५४ ला तो 'बोरिस गोदुनोव'मध्ये वेडसर भिकाऱ्याच्या भूमिकेत पहिल्यांदा उभा राहिला. त्यानंतर निरोप्या, नोकर, पुजारी, पोलीस, लग्न जुळवणारा दलाल, असलंच सगळं. आत यायचं, बातमी सांगायची, जायचं. शेवटचं काम २८ जानेवारी २०१० ला, 'तुरांदोत'मधला म्हातारा बादशहा. ही भूमिका लिहितानाच संगीतकार पुच्चिनीनं थकलेला, खंगलेला आवाज मागितला आहे. म्हणजे गळा म्हातारा होईल हे गृहीत धरून एका माणसाची सोय नाटकातच करून ठेवलेली. अँथनी तेव्हा ऐंशीचे होते. एकूण प्रयोग झाले २,९२८. त्या संस्थेत स्वतंत्र भूमिका करणाऱ्या दुसऱ्या कुणाचेही इतके नाहीत, ज्यांच्या नावानं तिकिटं खपली त्यांचेही नाहीत.

छप्पन्न वर्षं, वर्षाला पन्नासेक संध्याकाळी, कुणीतरी नीट वेळेवर आत येऊन नीट बातमी सांगितली. निरोप्या एक मात्रा उशिरा आला तर पुढच्या टेनरचं काय होतं याचा विचार करा.

मला त्या आकड्यापेक्षा तो आकडा माहीत असण्याचं जास्त नवल वाटतं. २,९२८, तीन हजारच्या आसपास नव्हे. मेटनं १८८३ पासूनच्या प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवली आहे, ती आता कुणालाही घरबसल्या बघता येते. कुठल्या रात्री कोणता ऑपेरा, दोन ओळींचा नोकर कोण होता, सगळं. तिकडे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांच्या वस्तीत, जॉर्ज ली अँड्र्यूज नावाचे नट 'फँटम ऑफ द ऑपेरा'त पहिल्या प्रयोगापासून होते. तेवीस वर्षांत त्यांनी ९,३८२ प्रयोग केले, मुख्य भूमिका एकदाही नाही. २०११ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही तेव्हा हा आकडा सगळ्या पेपरांत आला. काढून टाकलं ते टाकलंच, पण मोजून.

आपल्याकडे प्रयोग मोजत नाहीत असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. उलट नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक काय असतं, तर कितवा प्रयोग! प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, आणि तो आकडा आजही कुठल्याही मराठी घरात सांगतील. आपण नाटकाचे मोजतो, नायकाचे मोजतो. प्रियंवदेचे मोजत नाही.

हे मला कळलं ते एका फॉर्मवरून. वयस्कर कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, त्यासाठी आत्याचा अर्ज भरायला मी मागच्या खेपेस मिरजेला बसले होते. कलाक्षेत्रात किती वर्षं? लिहिलं, सतरा. पुरावा? आत्यानं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. हँडबिलं होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, शंभर तरी असतील. मी एकेक उलगडत गेले. दुष्यंत अमुक, शकुंतला तमुक, कण्व अमुक, ऑर्गन अमुक, तबला तमुक. आणि खाली: 'सख्या, ऋषिकुमार, सेवक – कंपनीतील इतर कलाकार.' प्रत्येकावर. शंभर कागदांवर माझी आत्या 'इतर' होती. एका नगर परिषदेच्या महोत्सवाच्या कागदावर तिचं नाव सापडलं, तेही आडनाव चुकवून. सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "यात ह्या कुठे आहेत?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मी आत्याला विचारलं, एकूण प्रयोग किती झाले असतील गं? म्हणाली, "मोजतंय कोण? नाइट मिळाली की झालं." नाइट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. तिची नाइट नायिकेच्या नाइटच्या आठव्या हिश्शाएवढी होती आणि नऊवाऱ्या स्वतःच्या. ट्रंकेत एक होती अजून, जांभळी, काठ विरलेला. "पाय मात्र मोजतात," असं म्हणून तिनं गुडघे चोळले. संगीत नाटकात सखीचं काम काय असतं हे तिच्याकडून ऐकावं. नायिकेच्या पदाला वन्समोअर मिळाला की नायिका पुन्हा गाते. तिसऱ्यांदा मिळाला की तिसऱ्यांदा. ती गाते, लोक माना डोलावतात, तबला रंगात येतो. आणि सखी रिकामी झारी घेऊन त्याच वेलीला अर्धा तास पाणी घालत चेहऱ्यावर कौतुक धरून उभी. बसायचं नाही, खाज आली तर खाजवायचं नाही. "आणि मनातल्या मनात पद गायचं," आत्या म्हणाली. "तिला पुढची ओळ नाही आठवली तर हळूच द्यायची असते ना."

म्हणजे शकुंतलेची सगळी पदं तिला पाठ होती.

तरीही एकदा नायिकेचा घसा बसला तेव्हा कंपनीनं प्रयोग रद्द केला. तिकिटाचे पैसे परत केले, एसटीचं भाडं अंगावर घेतलं, पण आत्याला उभं केलं नाही. बोर्डावर नाव दुसऱ्या बाईचं होतं. हा किस्सा घरात कायम त्या सुस्काऱ्यासह सांगितला जायचा. गेल्या वर्षी मी त्याला जोडून तिला कॅथी व्हॉइटको यांची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०२१. 'द म्युझिक मॅन' या ब्रॉडवेच्या नाटकाची नायिका कोविडनं आजारी पडली. कॅथी त्या नाटकात 'स्विंग' होत्या. स्विंग म्हणजे रोज रंगमंचावर जागा नसलेला, पण कुणीही पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. प्रत्येकाच्या चाली, हालचाली, कपडे बदलायची वेळ, सगळं डोक्यात. कॅथीला आठ भूमिका येत होत्या. दुपारी बाराला कळलं, एकला तालीम, संध्याकाळी हजार माणसांसमोर नायिका. प्रयोगानंतर नाटकाचे नायक ह्यू जॅकमन यांनी त्यांना पुढे ओढून प्रेक्षकांना सांगितलं की अशी माणसं ब्रॉडवेचा पाया आहेत.

मला वाटलं होतं, आत्याच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "आठही भूमिकांचे पैसे देतात का?"

मी शोधून सांगितलं, स्विंगला कोरसपेक्षा आठवड्याला थोडं जास्त मिळतं. आत्याला ते पटलं. बाकी टाळ्याबिळ्यांचं तिनं मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर तिचा तो प्रश्न ह्यू जॅकमन यांच्या भाषणापेक्षा माझ्या जास्त लक्षात राहिला, कारण तिकडे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. १९१९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी महिनाभर संप केला. कोरसमधल्या पोरींचं म्हणणं साधं होतं: तालमीचे आठवडेच्या आठवडे फुकट, आणि मोजे-बूटसुद्धा आम्हीच आणायचे! संप चालू असतानाच त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, अभिनेत्री मारी ड्रेसलर तिच्या पहिल्या अध्यक्ष. आत्याच्या ट्रंकेतली जांभळी नऊवारी बघितली तेव्हा मला ते मोजे आठवले. आज ब्रॉडवेच्या कोरसला किमान पगार ठरलेला आहे, मेटच्या कायम कोरसची पगाराची पातळी तर अशी की २०१४ मध्ये व्यवस्थापनानंच तिचा बोभाटा करून कपात मागितली. हे सगळं कलेवरच्या प्रेमातून झालेलं नाही.

तरी तिथेही मोजणी कुठेतरी थांबतेच. मेटच्या त्या नोंदींत दोन ओळींचा नोकर सापडतो, पण हिरवी टोपी सापडत नाही. माझ्या शेजारीण बाई त्यात कुठेच नाहीत. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत कोरससाठी बक्षीस नाही. पण कोरसवाल्यांनी आपलं आपण एक काढलं आहे, आणि ते मला टोनीपेक्षा बरं वाटतं. १९५० मध्ये एका नाटकाच्या कोरसमधल्या मुलानं सहकारी मुलीचा एक जुना झगा गंमत म्हणून दुसऱ्या नाटकातल्या मित्राला पहिल्या प्रयोगाच्या रात्री पाठवला. त्यानं तो पुढच्याला दिला. आजपर्यंत चालू आहे. प्रत्येक नव्या म्युझिकलच्या पहिल्या रात्री, पडदा उघडण्याआधी, सगळी मंडळी रंगमंचावर गोल उभी राहतात, आणि कोरसमध्ये ज्याची ब्रॉडवेची नाटकं सगळ्यात जास्त झाली असतील त्याला तो झगा घालतात. तो तीन फेऱ्या मारतो, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. बाकीचे झग्याला हात लावून घेतात. मग त्या नाटकाची काहीतरी खूण त्यावर शिवून तो पुढे जातो. भरला की नवा झगा सुरू. प्रेक्षक अजून चहा-कॉफीच्या रांगेत असतात, त्यांना यातलं काही दिसत नाही. पण त्यासाठी कुणालातरी बसून मोजावं लागतं, कोरसमध्ये कुणाची किती नाटकं झाली ते.

कोविडमध्ये मेट दीड वर्ष बंद होतं. एप्रिल २०२० पासून कोरसचा पगार थांबला. तळघरात मी एकटीच कपडे धुवायचे. बाई ओहायोला बहिणीकडे निघून गेल्या होत्या, तिथून मुलांना ऑनलाइन गाणं शिकवत होत्या. ११ सप्टेंबर २०२१ ला मेट उघडलं ते ऑपेरानं नाही, व्हर्दीच्या 'रेक्विएम'नं, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतानं, ज्यात कोरसलाच सगळ्यात जास्त काम. ते टीव्हीवर दाखवलं. सुरुवातीला ते जवळजवळ पुटपुटतात, इतक्या हळू, की मी आवाज वाढवायला रिमोट शोधला. दीड वर्ष वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं, आणि कुणाचा आवाज कुणाचा ते कळत नव्हतं.

अर्जाचं अजून काही झालेलं नाही. जुन्या कंपनीतल्या ऑर्गनवाल्यांच्या मुलाकडे वडिलांच्या डायऱ्या आहेत म्हणे, गावोगावच्या प्रयोगांच्या तारखा असलेल्या. त्यात सख्यांची नावं असतील तर बघू.

परवा फोनवर मी आत्याला चार्ल्स अँथनींचं सगळं सांगितलं. कारुसो नावाची गंमत, निरोप्ये, पुजारी, २,९२८. ती मधे मधे "हं" म्हणत होती, तिकडे कुकरची शिट्टी झाली. शेवटी मी त्या ऐंशीव्या वर्षी केलेल्या बादशहाचं सांगितलं.

"उभ्यानं गायचं होतं का?" आत्यानं विचारलं.

"नाही. सिंहासनावर बसून."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि कुकर बंद करायला गेली.